शेवटचं ठिकाण

"मशीन पडलं!" धाकटी ओरडली आणि लगेच हसली. "उठलं. बघा सर, आपलं आपण उठलं."

सरांनी नुसती मान हलवली. भर दुपारी बाहेर अंधारून आलं होतं, खिडक्यांच्या काचा वाऱ्याने थडथडत होत्या. समुद्रावरच्या मासेमारी बोटींचा माग ठेवणाऱ्या त्या कचेरीत आज कोणी जेवायलाही उठलं नव्हतं.

घरी ती धाकटी, म्हणून कचेरीतही धाकटीच. मोठा भाऊ बोटीवरून थेट कचेरीत फोन करायचा आणि "आमच्या धाकटीला द्या" म्हणायचा. आज सकाळीही केला होता. "जरा वळलो तरी तुला कळतं म्हणे. बायकोला सांगत जाऊ नकोस हं सगळं."

"आधी वेळेवर परत ये, दादा. मग बघू."

तिचं काम म्हटलं तर एवढंसं. क्लाउडवर भाड्याने घेतलेल्या मशीनच्या मेमरीत प्रत्येक बोटीचा नंबर असे आणि नंबरापुढे तिचं शेवटचं ठिकाण. बोटीवरच्या सिग्नल पाठवणाऱ्या डबीने नवं ठिकाण पाठवलं की जुनं पुसलं जाई. दिवसाच्या नोंदी कायमच्या साठवल्या जात त्या रात्री, एकदाच. मेमरीतलं सतत डिस्कवर उतरवत राहिलं की सिग्नल तुंबत, म्हणून हल्लीच तिने ते उतरवणं बंद केलं होतं.

"आणि मशीन बसलं तर गं?" सरांनी तेव्हा विचारलं होतं.

"दुसरं आहे ना, सर. पहिल्याची हुबेहूब नक्कल करत बसलेलं. शिवाय पहिलं पडलं तर आपोआप उठेल, तेही करून ठेवलंय."

पडलेल्याने आपोआप उठावं, ही तिचीच सोय. त्याचा तिला मनातून अभिमान होता.

आता तिने सहज विचारलं, किती बोटी आहेत? मशीनने उत्तर दिलं, शून्य.

तिने दुसऱ्या मशीनला विचारलं. शून्य.

मग तिच्या लक्षात आलं. पहिलं मशीन इतक्या चटकन उठलं होतं, की दुसऱ्याला त्याची जागा घ्यायला सवडच मिळाली नव्हती. उठलं ते कोऱ्या मेमरीने. आणि दुसऱ्याने इमानेइतबारे त्या कोरेपणाचीही नक्कल केली होती.

"घाबरू नकोस," सर म्हणाले. "बोटी पाठवतीलच की पुन्हा."

बोटी पाठवू लागल्या. ज्या तरंगत होत्या त्या एकेक करून पडद्यावर परतल्या. दिवेलागणीपर्यंत सगळ्या आल्या. एकच नंबर आला नाही. तो तिला पाहावा लागत नव्हता. शाळेत असताना तिनेच तो दादाच्या बोटीवर रंगवला होता. त्यातल्या एका आकड्याची शेपटी नको तितकी लांबली होती आणि दादाने ती कधी कोणाला पुसू दिली नव्हती.

शोधपथकाचा फोन आला. "शेवटचं ठिकाण सांगा."

"दुपारी नैऋत्येला होती. मी पाहिली होती."

"नैऋत्येला म्हणजे अर्धा समुद्र आला, ताई. आकडे द्या."

आकडे नव्हते.

सकाळी वहिनी आली. सर आधीच धाकटीच्या कानाशी येऊन म्हणाले होते, "तांत्रिक बिघाड झाला म्हणायचं. खोटं नाहीच ते."

वहिनी खुर्चीच्या कडेवर टेकली. "वन्सं, तुमच्याकडे सगळं असतं ना? ते कुठे होते शेवटी?"

"होतं, वहिनी. माझ्याच हातून गेलं."

सर खिडकीकडे वळले.

"मग आता शोधतायत कुठे?" वहिनीने विचारलं.

"सगळीकडे."

"सगळीकडे म्हणजे कुठेच नाही की, वन्सं."

काही दिवसांनी, काहीच न सापडता, शोध थांबला. धाकटीने डिस्कवर लिहिणं पुन्हा सुरू केलं; सिग्नल थोडे रेंगाळू लागले, कोणी तक्रार केली नाही. आपोआप उठण्याची सोय तिने काढून टाकली. आता मशीन पडलं की पडून राहतं आणि कोणीतरी माणूस येऊन बघतो.

वहिनी मात्र अजून येते. धाकटीला वाटायचं, बोलेल, ओरडेल, निदान एकदा शिव्या तरी देईल. ती तसं काही करत नाही. खुर्ची ओढून पडद्याजवळ बसते.

"एकदा बघा ना."

उत्तर धाकटीला पाठ आहे. तरी ती घाई करत नाही. वहिनीला दिसावं म्हणून पडदा थोडा वळवते आणि एकेक आकडा सावकाश दाबते. लांब शेपटीचा तो आकडा पडद्यावर इतरांसारखाच नीटनेटका उमटतो. त्याच्यापुढची जागा मोकळी राहते.

दोघी तिथेच बघत बसतात. मग वहिनी पदर सावरते, उठते आणि खुर्ची होती तिथे नेऊन ठेवते.