टेकचंदचा गॅस

टेकचंदला गॅस झाला होता. म्हणजे तसं त्याचं म्हणणं होतं, आणि त्याचं एकदा म्हणणं झालं की ब्रह्मदेव आला तरी बदलायचं नाही. सकाळपासून छाती जड, डाव्या हाताला मुंग्या, अंगाला दरदरून घाम. तरी गडी ओवा चावत पडवीत बसलेला. त्याची बायको निर्मलाबाई गावची आशाताई. पंधरा वर्षं अख्ख्या गावाला दवाखान्यात ढकलत आली, पण घरचाच माणूस काही हलेना.

"उमेंद्रचे बाबा, एकशे आठले फोन लावू का?"

"कायले? गॅससाठी गाडी? गाव हासंल ना!"

नशीब, त्या दिवशी गुंजन आली होती. आमगावची पोरगी, नागपूरला संशोधन करायची आणि महिनाभर एक काळा डबा घेऊन सालेकशाकडच्या खेड्यांत फिरत होती. "काकू, डीएनएच्या धाग्याची घडी घालून आम्ही इवलासा पिंजरा करतो," तिने मागेच समजावलं होतं. "हृदयाला इजा झाली की एक प्रथिन रक्तात उतरतं. ते पिंजऱ्यात सापडलं की पिंजरा उघडतो आणि डब्यातल्या जांभळ्या दिव्याखाली नळी निळी चमकते."

पण त्या दिवशी तिची पाण्याची बाटली वाटेतल्या खड्ड्यांनी फुटली होती. नळीतली त्या पिंजऱ्यांची सुकी पूड कालवायची कशात? निर्मलाबाईने घरातलं सगळ्यात चांगलं पाणी तांब्यात ओतून आणलं. उकळून, गाळून बिजाच्या, म्हणजे बिवळ्याच्या झाडाच्या, लाकडी ग्लासात रात्रभर ठेवलेलं. साखरेवर गुण येतो म्हणून नवऱ्याला रोज पहाटे द्यायची तेच.

"उकळलेलं आहे ना?" गुंजनने घाईत विचारलं.

"हो, हो."

टेकचंदच्या बोटातला रक्ताचा थेंब टाकून नळी डब्यात धरली, तर ती लख्ख निळी झाली. निर्मलाबाईने लगेच फोन हातात घेतला.

"थांब, पहिले पोराचं रगत पाहून घे," टेकचंद म्हणाला. उमेंद्र बावीस वर्षांचा, बैलासारखा धडधाकट. त्याचीही नळी चमकली. मग गुंजनने स्वतःचं बोट टोचलं, तर तिचीही!

"तुमचा डबा तर सगळ्याइलेच मारून राहिला!" टेकचंद हसला आणि हसताहसता छाती धरून वाकला.

गुंजनचा चेहरा पार उतरला. निर्मलाबाईचं डोकंच फिरलं. तांब्यातलं उरलेलं पाणी अंगणात भिरकावणार, तोच त्याच्यावर ऊन पडलं आणि पाण्याला निळसर झाक आली. लग्न होऊन आल्यापासून ती ही झाक पाहत होती. बिजाच्या पाण्याला ती असतेच.

"अगं गुंजन! ह्या पाण्यालेच उजेड आहे वो माय!"

गुंजनने नुसतं पाणी डब्यात धरलं. रक्ताचा थेंब नाही, तरी निळं. तिने कपाळावर हात मारला. "काकू, डबा खोटा नाही! पाणीच चमकतंय!"

उमेंद्र शेजारच्या उपकेंद्रातून इंजेक्शनचं पाणी घेऊन धावत आला. तीन नव्या नळ्या. उमेंद्रची काळी. गुंजनची काळी. आता तिसरी. हीपण काळीच राहू दे रे देवा, असं निर्मलाबाई मनात म्हणत होती.

तिसरी निळी पेटली.

टेकचंदने दोन काळ्या नळ्या पाहिल्या, मग आपली पाहिली.

"लाव फोन," तो हळूच म्हणाला.

गोंदियाच्या डॉक्टरांनी बंद पडलेली मोठी नस उघडली. आणखी तासभर उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं, म्हणाले. निर्मलाबाई दवाखान्याच्या व्हरांड्यात गुंजनच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली आणि लगेच डोळे पुसून तिला तंबी दिली, "आता पाणी दोन बाटल्या आणत जा!"

दहाव्या दिवशी टेकचंद पुन्हा पडवीत. येईल त्याला ऐकवायचा, "तीन नळ्यांत माहीच पेटली!" जसा काही इनामच मिळाला. तेवढ्यात शेजारचा बकाराम छाती चोळत आला.

"काही नाही गा, जरा गॅस होऊन राहिला."

टेकचंद ताडकन उठला. "गॅस? चूप बस तिथंच! उमेंद्रची माय, गुंजनले हाक मार, अन् पहिले गाडीले फोन लाव!"