डब्यातलं अंडं

इंद्रजीत शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कंत्राटी कामगार होता. तो, बायको विशाखा, सातवीतली मुलगी मेघा आणि म्हातारी आई पारूबाई अशी चौघं मुकुंदवाडीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत. ओव्हरटाइम बंद झाल्यापासून घरातलं खाणंपिणं विशाखाच्या हिकमतीवर चाललं होतं. भाजीवाले आवराआवर करायला लागले की ती बाजार गाठायची आणि पालक, मेथी, चुका, जे स्वस्त मिळेल ते उचलून आणायची. तूरडाळीत मसूर मिसळायची. मटकीला, हुलग्यांना मोड आणायची. शेजारच्या भामाबाईंच्या दारात शेवगा होता, त्याचा कोवळा पाला ती भाकरीच्या पिठात मळायची.

"नुसतं पोट भरून काय करता? अंगाला लागलं पाहिजे," असं ती म्हणायची.

अंडं मात्र ती रोज एकच उकडायची, मेघासाठी. पोरगी वाढीला लागली होती, शाळेच्या खो-खोच्या संघात होती.

दिवाळीनंतर कारखान्यात कँटीनचं कंत्राट नव्या माणसाकडं गेलं आणि कंत्राटी कामगारांनाही दुपारचं जेवण फुकट मिळायला लागलं. गरम पोळ्या, घट्ट वरण, भात, दही. बुधवारी अंड्याची करी. पहिल्या दिवशी इंद्रजीत हात आखडून जेवला. हे किती दिवस टिकेल याचा त्याला भरवसा नव्हता. घरी सांगितलं आणि उद्या बंद झालं तर काय, म्हणून तो गप्प बसला. मग टिकलं, तरी गप्पच राहिला.

का, हे त्यानं स्वतःला कधी नीट विचारलं नाही. सकाळी निघताना हातात भरलेला डबा मिळायचा, त्यात काहीतरी होतं. कारखान्यात त्याला कुणीही एकेरीत हाक मारायचं, घरी मात्र त्याचा डबा सगळ्यांच्या आधी भरला जायचा. तो मान त्याला सोडवेना.

भाकरी नि भाजी तो गेटवरच्या राजकुमारला द्यायचा. वॉचमन असल्यामुळं राजकुमारला कँटीन नव्हतं. तो खूश व्हायचा. डब्यात कधी कधी उकडलेलं अंडं निघायचं. विशाखाच घालत असेल असं इंद्रजीतला वाटायचं. राजकुमार अंडं खात नव्हता. मग ते भिंतीपलीकडच्या कुत्र्यांना जायचं. पुढं पुढं ते रोजच निघायला लागलं.

संक्रांत होऊन गेली होती. एका रविवारी खो-खोच्या सरावाला गेलेली मेघा मैदानावर चक्कर येऊन पडली. इंद्रजीत गाडी काढून धावला. पोरगी सावलीत बसलेली होती, ओठ पांढरे पडलेले. दुसऱ्या दिवशी त्यानं खाडा केला आणि तो नि विशाखा तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्त बरंच कमी आहे. खाते काय ही?"

विशाखाला ते लागलं. "सगळं खाती, मॅडम. पालेभाजी, उसळ. अंडं तर रोज देते. तिच्यासाठीच आणते."

"रोज खातेस?" डॉक्टरीणबाईंनी मेघाला विचारलं.

मेघानं मान डोलावली, पण वर बघितलं नाही.

गोळ्या मिळाल्या. जेवणाबरोबर चहा पिऊ नको म्हणून सांगितलं. घरी आल्यावर विशाखा भिंतीला टेकून बसली. "कुठं कमी पडले मी?" एवढंच म्हणाली.

पारूबाई दाराशी बसून सगळं ऐकत होती. मेघा आतल्या खोलीत झोपल्यावर ती पुढं सरकली. "विशाखा, तुझी चूक नाय त्यात. पोरगी खातच नाय अंडं. डबा पिशवीत घालायचं काम तिचं हाय ना? तवा हळूच इंद्रजीतच्या डब्यात टाकती. मी बघितलं. मला म्हणली, आजी, सांगू नको. पप्पा लोखंड उचलतेत, त्यांना लागतं. मला बी वाटलं, बापावर जीव हाय पोरीचा, राहू द्यावं."

विशाखानं नवऱ्याकडं बघितलं. "तुम्हाला कळलं नाय? डब्यात अंडं कुठून येतं?"

"मला वाटलं, तूच..."

"आणि खाऊन मोकळे झालात."

इथं तो गप्प बसला असता तर भागलं असतं. अंडं खाल्लं, एवढाच गुन्हा राहिला असता. आईही समोर होती. पण त्याच्या डोळ्यांपुढं मेघाचे ते पांढरे ओठ आले.

"खाल्लं नाय," तो म्हणाला. "कँटीनमध्ये जेवण मिळतं आम्हाला. दिवाळीपासून. डबा राजकुमारला देतो. अंडं कुत्र्याला घालायचो."

बाहेर कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजत राहिला. पारूबाईनं पदर तोंडाला लावला.

"दिवाळीपासून," विशाखा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "मी माझ्या ताटातली उसळ काढून तुमच्या डब्यात भरत होते. चुलीपुढं बसून नुसती चटणी-भाकरी खाल्ली कितींदा. माणूस कामाला जातं, त्याला आधी, म्हणून."

"चुकलं माझं."

"उद्यापासून डबा नाय. तिथं पोटभर खा. इथलं वाचंल ते पोरीला घालीन." ती उठली, भांडी घासायला बसली. थोड्या वेळानं पाठमोरीच म्हणाली, "मेघाला यातलं काही सांगू नका. तिनं मनापासून दिलं होतं. कुत्र्यानं खाल्लं, हे तिला कळायला नको."

त्यानं ऐकलं. दुसऱ्या दिवशी तो मोकळ्या हातानं बसमध्ये चढला. दुपारी ताट समोर आलं. त्यातलं काही टाकवेना. त्यानं ताट निपटून पुसलं. गेटवर राजकुमारनं विचारलं, "आज डबा नाय?" तेव्हा "आता नाय येणार" म्हणून तो भराभर पुढं गेला.

मेघा आता आजीच्या समोर बसून अंडं खायची. पण दर खेपेला अर्ध्यावर थांबायची. एकदा त्याला म्हणाली, "पप्पा, तुमच्या डब्याचं काय? ताकद कमी नाय ना होणार तुमची?" "आता कारखान्यातच जेवण मिळायला लागलंय," म्हणून त्यानं हसून वेळ मारून नेली. तिनं त्याच्यावर विश्वास ठेवला आणि ते त्याला फार जड गेलं. आपल्यासाठी उपाशी राहणाऱ्या पोरीला आपण अजून फसवतोच आहोत, हे डोक्यातून जाईना.

ऊन तापायला लागलं तेव्हा पुन्हा रक्त तपासायची वेळ आली. तो एकटाच तिला गाडीवर घेऊन निघाला. दवाखान्याच्या अलीकडं लिंबाच्या झाडाखाली त्यानं गाडी थांबवली.

"उतर जरा. एक सांगायचंय."

त्यानं सगळं सांगितलं. कँटीन, राजकुमार, भिंतीपलीकडची कुत्री. विशाखानं सांगू नको म्हटलं होतं, हेही सांगितलं. मेघा वेणीच्या टोकाशी चाळा करत ऐकत राहिली.

"सगळी अंडी?"

"व्हय."

"मला आवडत नाय म्हणून देत होते, असं वाटलं का तुम्हाला?" तिनं त्याच्याकडं बघितलं. "मला लई आवडतं अंडं, पप्पा."

तो रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, तिच्यापुढं हात जोडून उभा राहिला. तिनं घाईनं त्याचे हात खाली ओढले. "असं नका करू. लोक बघतेत."

"रागावलीस?"

"व्हय," ती म्हणाली आणि गाडीवर मागं बसली. पण त्याच्या खांद्याला धरलं नाही. मागची दांडी धरली.

रक्त वाढलं होतं. अजून हवं तेवढं नव्हतं, पण डॉक्टरीणबाई समाधानी दिसल्या. घरी आल्यावर मेघानं आईला तेवढंच सांगितलं. इंद्रजीतनं मात्र मेघाला सगळं सांगितल्याचं विशाखाला सांगून टाकलं. ती म्हणाली, "तुमचं तुम्ही निस्तरा."

त्या संध्याकाळी तो विशाखाबरोबर बाजारात गेला. भाजीचं ओझं त्यानंच आणलं आणि पालक निवडायलाही तोच बसला. मेघा दुसऱ्या टोकाला अभ्यास करत होती. तो देठं खुडून बाजूला टाकत होता. ती दोनतीनदा तिकडं बघून पुन्हा वहीत डोकं घालत होती. शेवटी उठली, त्याच्यापासून हातभर अंतरावर येऊन बसली आणि टाकलेल्या ढिगातलं एक देठ मोडून त्याला दाखवलं.

"ही कोवळी आहेत," ती म्हणाली. "ही भाजीत घालतेत. फेकू नका."

त्यानं ढीग पुढं ओढला आणि एकेक देठ मोडून बघायला लागला. ती उठून गेली नाही.