उभ्या उभ्या बसलेला धक्का

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे आणि एका जागी उभं राहणं हे माझं सगळ्यात नावडतं काम आहे. धावताना मला भीती वाटत नाही. भीती वाटते ती पार्किंगमध्ये, एकटीला.

कारखान्यातून मी बाहेर पडले तेव्हा माझी काळी टाकी आरशासारखी चमकत होती. माझे पहिले मालक लिफ्ट दुरुस्त करत. हत्यारांची पिशवी माझ्या पाठीवर बांधून ते इमारतीइमारतींतून हिंडायचे. कुणी म्हणालं, "काय ठेवलीय हो गाडी!" की ते उगाच रुमालाने माझा हँडल पुसायचे. पुढे त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि मी त्यांच्या लेकीकडे आले. लेक इस्पितळात नर्स. तिला मी ताई म्हणते.

बाबांनी ताईला आधी चालवायला शिकवलं, मग म्हणाले, "आता उभी करायला शीक." जमीन सपाट बघायची. मऊ मातीत स्टँड रुततो. शक्यतो मेन स्टँडवर चढवायची, हँडल लॉक करायचा, आणि मागे येणाऱ्या मोटारीच्या वाटेत कधीच लावायची नाही. ताई हसायची, पण करायची सगळं तसंच.

एका सकाळी तिने मला इस्पितळाच्या पार्किंगमध्ये खांबाजवळ असंच नीट लावलं आणि ती कामावर गेली. थोड्याच वेळात एक मोटार घाईघाईने आत आली. चालवणाऱ्याने धापा टाकणाऱ्या वडिलांना दारात उतरवलं होतं आणि आता तो मोटार कुठेतरी कोंबायला बघत होता. मागचे लाल दिवे माझ्याकडे येऊ लागले. मी काय करणार? मला ना ओरडता येत, ना सरकता. बंपर माझ्या हँडलला भिडला, पुढच्या ब्रेकची तार त्याच्या कोपऱ्यात अडकली, करकचून ताणली गेली आणि मी धाडकन आडवी झाले.

तो माणूस उतरला. "अरे देवा!" म्हणाला. मला उचलून त्याने साइड स्टँडवर टेकवलं, टाकीवरची धूळ हाताने झटकली, इकडेतिकडे बघितलं आणि आत पळाला. रखवालदार फाटकाशी रुग्णवाहिकेला वाट करून देत होता. त्याला काहीच दिसलं नाही.

वरून बघाल तर टाकीला एक पोचा आणि फिरलेला आरसा, बस्स. पण मला आतलं कळत होतं. ब्रेकच्या तारेचा पीळ उसवला होता. एकच बारीक धागा शाबूत होता. हळू दाबलं तर तो टिकला असता, जोरात दाबलं की तुटला असता. आणि इस्पितळाच्या फाटकातून बाहेर पडलं की सरळ उतार, खाली भरधाव रहदारीचा चौक. दिवसभर माझा जीव टांगणीला लागला. कुणाची पावलं वाजली की वाटे, ताई आली. येऊ नये असंही वाटे.

संध्याकाळी ती आलीच. "आरसा कुणी फिरवला? आणि मी तर मेन स्टँडवर लावली होती!" ती पुटपुटली. तिने ब्रेक दाबून पाहिला. हलक्या हाताने. लागला. तिने हेल्मेट घातलं आणि किक मारली. मी सुरू झाले नाही. हे मी मुद्दाम केलं असं सांगायला मला आवडलं असतं, पण खरं म्हणजे आडवी पडल्याने माझ्या इंजिनात जास्तीचं पेट्रोल शिरलं होतं. तिने पुन्हा किक मारली, पुन्हा. मी गुरगुरू लागले. आता कोणत्याही क्षणी सुरू होणार!

"सिस्टर, थांबा!" तोच माणूस पायऱ्या उतरत धावत आला.

"काय झालं? तुमच्या बाबांना परत दम लागला का?"

"नाही, ते बरे आहेत. तुम्ही दिवसभर त्यांच्याजवळ होतात..." त्याने माझ्या टाकीवरच्या पोच्याकडे बोट केलं. "तुमची गाडी सकाळी मी पाडली. उचलून ठेवली आणि पळालो."

ताईने हेल्मेट काढलं. "मग सकाळपासून बोलला का नाहीत? इतक्यांदा तर समोर होते मी!"

"आधी घाई होती. मग धीर होईना."

"आणि आता?"

"आता तुम्ही तिच्यावर बसलात."

तार कुठे अडकली होती ते त्याने दाखवलं. ताईने ब्रेकवरचं रबर मागे सारलं. तुटलेले धागे कुंचल्यासारखे पसरलेले होते. फाटकाबाहेरच्या उताराकडे तिने एकदा बघितलं. रागाचे शब्द तिच्या ओठांवर आले होते, पण निघाले वेगळेच. "चला, हात लावा."

दोघांनी मला ढकलत गॅरेजपर्यंत नेलं. त्याने वाटेत एकदाही हात सोडला नाही. नवी तार बसली. टाकीवरचा पोचा मात्र अजून आहे.

आजही पार्किंगमध्ये कुणी मोटार मागे घेऊ लागलं की माझ्या टाकीतलं पेट्रोल डुचमळतं. मित्रांनो, आम्हाला जपून उभं करा, परत आलात की एकदा नीट निरखून बघा. आणि चुकून तुमच्याकडून एखादी उभी गाडी पडलीच, तर नुसती उचलून ठेवू नका. मालक येईपर्यंत थांबा, नाहीतर रखवालदाराला सांगून जा. आम्हाला कुठे लागलंय हे आम्हाला सांगता येत नाही, आणि आमच्यावर बसणाऱ्याला ते कळायलाच हवं.