डोक्याची मोजणी

"अप्पा, हलू नका. पेन कानात जाईल," असं म्हणत रक्षितानं बापाच्या चकचकीत टकलावर निळ्या स्केचपेननं आडवी रेघ ओढली.

रुद्रय्या ओट्यावर पाट घेऊन, श्वास रोखून बसला होता. रेघेच्या पुढं फ्रॉन्टल, मागं दोन पॅरायटल आणि खाली मानेशी ऑक्सिपिटल. एवढी हाडं आपण आजवर नावगाव न विचारता वागवली, याचं त्याला भलतंच कौतुक वाटत होतं. पोरगी मेडिकलच्या पहिल्या वर्षाला तोंडी परीक्षेत एकदा आपटली होती. उद्या परत तीच परीक्षा होती, आणि आता आपटली तर अख्खं वर्ष जाणार होतं. मैत्रिणीकडून तिनं खरी कवटी मागून आणली, पण रक्षिताच्या आईनं, रत्नव्वानं, ती उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. इष्टलिंगाची पूजा होते त्या घरात कुणाचं तरी डोकं? मग कवटी स्कूटरच्या डिकीत गेली आणि बापानं आपलं डोकं पुढं केलं.

शेजारचे हंबीरराव जाता जाता थबकले.

"रुद्रय्या, डोक्याची मोजणी करून घेतलीस व्हय? हद्द कुठवर आली?"

"पार कानापातूर," रुद्रय्या ऐटीत म्हणाला.

"आन आत काय निघालं का न्हाय?"

"ते बघाय डाक्टर व्हावं लागतंय."

दिवस मावळेपर्यंत वरची हाडं तोंडपाठ झाली. मग रक्षितानं पेनला टोपण लावलं आणि रडवेली झाली.

"आता कवटीचा तळ. उलटी केल्यावर दिसते ती बाजू, नसांची भोकं. मागच्या वेळी तिथंच अडकले. ते तुमच्यावर दिसत नाही, अप्पा."

रुद्रय्यानं मोठा आ करून दाखवला. काही उपयोग झाला नाही. आपलं डोकं कमी पडतंय हे त्याला कबूल करावं लागलं, आणि तेही बायकोच्या देखत.

रत्नव्वा आत भाकरी थापत होती.

"त्यो कोण हाय गं?" तिनं तिथूनच विचारलं.

"कोण, अव्वा?"

"डिकीतला."

"माहीत नाही. पण तरुण असणार. टाळूवरचे सांधे अजून बुजलेले नाहीत, अक्कलदाढाही पुरत्या आल्या नाहीत. विशीतला असेल."

परातीतला हात थांबला. त्यांच्या लिंगायतांत मेलेल्या माणसालासुद्धा बसवून माती देतात.

"आन त्येला तसाच आडवा टाकलाय?"

तिनं गॅस बंद केला, हात धुतले आणि खिळ्यावरची किल्ली घेऊन बाहेर गेली. परत आली ती पिशवी छातीशी धरून.

"उठा तुमी," ती नवऱ्याला म्हणाली. "पाट द्या त्येला."

रुद्रय्या उठला. तिनं पाट आत आणून मांडला, धुतलेल्या फडक्याची चुंबळ केली आणि कवटी तिच्यावर नीट टेकवली.

"मान न्हाय, कलंडंल," ती पुटपुटली.

रक्षितानं कवटी दोन्ही हातांनी धरली.

"हळू उलटा कर," रत्नव्वा म्हणाली. "आन पास हो ह्या बारीला. कुणाच्या तरी आईनं वाढवलाय त्येला, त्येचं चीज कर."