आखणीच्या दिवशी धूर

डास गणपतीच्या सोंडेवर बसला होता, पायांवर पांढरे पट्टे असलेला, आणि मालूबाईंच्या हातातला तीन केसांचा ब्रश बुबुळापाशी थांबला होता — मारावा तर ओला रंग फिसकटेल, सोडावा तर तो शेजारी बसलेल्या दिशाकडे जाईल. दिशा म्हणजे सून, सातवा महिना. हमरापूरच्या या गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यात पितांबराचा काठ तिच्याइतका सरळ कुणी ओढत नाही. पण डोक्यावर चढून बसेल म्हणून मालूबाईंनी हे तिला कधी सांगितलेलं नाही. त्यांनी हलकेच फुंकर मारली. डास उडाला तो थेट दिशाच्या पोटरीकडे.

सकाळी आरोग्य केंद्राची आशाताई सुरभी येऊन गेली होती. "काकी, आळीत दोघांना डेंग्यू निघालाय. चारला धुराची गाडी येनार हाय, दारं उघडी ठेवा."

"नि हिला?"

"हिला धूर बसंपर्यंत लांब ठेवा, झालं."

झालं... लांब म्हणजे कुठे, धूर तर सगळ्या आळीत. मालूबाईंना भाऊ आठवला, गोविंदा, वालाच्या शेतात तोंडाला फडकं न बांधता औषध मारून बांधावर आडवा झालेला — वाचला, पण चहाची कपबशी अजून त्याच्या हातात वाजते. ते औषध वेगळं, हे वेगळं, असं सुरभी म्हणते. असेलही, पण पोटातल्या जिवाला कोण विचारणार?

आणि मागचं वर्ष... तेव्हाही डोळ्यांची आखणीच चालली होती. डिझेलचा धूर ओल्या रंगावर बसला की बुबुळ मेणचटतं, आणि आखलेल्या डोळ्यांत धूर जाऊ द्यायचा नाही ही तर सासऱ्यांपासूनची शिस्त — म्हणून मी दार लावून घेतलं, गाडीवाल्याला म्हटलं, पुढं जा बाबा. बाराव्या दिवशी माझा पोरगा निलेश डेंग्यूनं पेणच्या दवाखान्यात, पेशी अठरा हजारांवर. दारामागच्या पिंपात अळ्या वळवळत होत्या, त्या मी नंतर पाहिल्या. दार लावल्याचं मात्र कुणाला सांगितलं नाही.

"दिशा, तू आज रोह्याला जा गो, आयशीकडं."

"रोह्यात काय डास नायत?" काठ ओढता ओढता दिशा म्हणाली.

मालूबाईंना हसू आलं. किती गोड आहे ही मेली. त्या उठल्या, पिंप आडवं करून सगळं पाणी सांडलं, काथ्यानं आतून खसाखसा घासलं. मग देवांची तोंडं झाकायला ठेवलेल्या जुन्या लुगड्यांतलं सगळ्यात मऊ लुगडं ओलं करून त्यांनी दिशाच्या नाकातोंडाभोवती बांधलं. एक गणपती उघडा राहिला. राहू दे. आळीच्या टोकाला यंत्राची घरघर सुरू झाली होती.

"मागच्या साली गाडी मी परत धाडली होती," त्या एकदम म्हणाल्या. "निलेश पडायच्या आधी."

"म्हाईत हाय," लुगड्याआडून आवाज आला. "ते आतच होते तवा. मला म्हनले, आयला कवा इचारू नको."

वर्षभर... वर्षभर पोरगा समोर बसून जेवत होता, आई, अजून वाढ म्हणत होता. मालूबाईंचे डोळे भरून आले. त्या दारापाशी गेल्या, कडीवर हात ठेवला. या घरात त्यांनी सुनेला कधी काही विचारलं नव्हतं.

"लावू का उघडू? तू सांग गो."

दिशानं ब्रश खाली ठेवला, पोटावर हात ठेवला आणि विचार करू लागली. घरघर जवळ आली होती. मालूबाईंना भीती मघाइतकीच वाटत होती. पण आता ती दोघींत वाटून घेतलेली होती.