आमच्या विहिरीचं पाणी पुण्याला निघालं

मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. जुना म्हणजे मोडीत घालण्याइतका नव्हे हं! अजून माझ्यातून थेंब गळत नाही. मित्रांनो, तुम्ही माझ्यासारखा तांब्या कदाचित पाहिलाही नसेल, म्हणून सांगतो. माझ्या गळ्याला आटे आहेत. झाकण, म्हणजे फिरकी, त्यावर ठेवून गरागरा फिरवलं की घट्ट बसतं. पूर्वी माणसं परगावी निघाली की घरचं पाणी माझ्यात भरून घेत.

माझा जन्म पुण्याच्या तांबट आळीतला. पोटाला गोलाई यावी म्हणून तांबटानं मला दिवसभर बडवलं. असा राग आला होता मला! पण मग त्यानं चिंचेनं घासून मला उन्हात ठेवलं, आणि येणारा-जाणारा थांबून बघायला लागला, तेव्हा राग कुठल्या कुठे पळाला. चाकणजवळच्या एका वाडीतल्या शेतकऱ्यानं आपल्या लेकीच्या लग्नासाठी मला विकत घेतलं. तीच ही गोजाबाई. माझी मालकीण.

गोजाबाईनं मला मुलासारखं जपलं. जत्रेला जाताना मी, माहेरी जाताना मी. "काय लखलखतोय गं तुझा तांब्या!" असं बायका म्हणाल्या की मी मुद्दाम उन्हाकडे पोट करून बसायचो. मग एक वाईट वर्ष आलं. तिचा थोरला मुलगा मालोजी कांद्याची गाडी घेऊन पुण्याला गेला. घाईत मला घरीच विसरला. वाटेत कुठलंसं पाणी प्याला, पटकी झाली, आणि गाडीतून घरी आणला तो परत उठलाच नाही. त्या दिवसापासून गोजाबाई आपल्या विहिरीचं सोडून दुसरं पाणी प्यायची नाही. कुणाला पिऊ द्यायची नाही.

धाकटा मुरारी मोठा झाला, लग्न झालं, शेवंता नावाची मुलगी झाली. एकोणीसशे छप्पन साली त्याला पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात काम लागलं. बायकोला आणि शेवंताला तिकडे न्यावं, पोरीला शाळेत घालावं, असं त्याच्या मनात होतं. पण गोजाबाई ऐकेल तर शपथ!

"त्या पान्यावर माझी नात न्हाई जगायची. तुला ऱ्हायाचं तर ऱ्हा एकला."

"आये, एक डाव तू स्वतः पुनं बघ. एक दिस. मग तू म्हनशील तसं."

गोजाबाई कशीबशी तयार झाली, पण तिची अट होती. पुण्यात कुणीही पाण्याला तोंड लावायचं नाही. आपलं पाणी आपण न्यायचं.

झालं! माझी स्वारी सजली. तिनं मला राखेनं, चिंचेनं घासलं. पहाटेचं ताजं पाणी भरलं. आणि वाटेत थेंब सांडू नये, बाहेरचं वारंही आत जाऊ नये, म्हणून आट्यांभोवती ओली चिंधी गुंडाळून तिनं सगळा जोर लावून फिरकी आवळली. माझा तर जीव घुसमटला. पण जन्मगावी जायचं म्हणून मी खूश होतो.

यष्टी भोसरीचा माळ ओलांडून पुण्यात शिरली. आम्ही शनिवारवाडा पाहिला. तुळशीबागेत मुरारीच्या बायकोनं, भागूबाईनं, बांगड्या भरल्या. मंडईजवळ मुरारीनं सगळ्यांना हॉटेलात नेलं. गरम भजी आली, मग मिसळ आली. काय तो लालभडक रस्सा! गोजाबाईनं फडक्यात बांधून आणलेली भाकरी-चटणी सोडली आणि ती तेवढीच खाल्ली. शेवंतानं मात्र मिसळ चाटूनपुसून संपवली आणि नाकाडोळ्यांतून पाणी काढत म्हणाली, "आजे, पानी!"

मुरारीनं मला उचललं. फिरकी हलेना. त्यानं धोतराचा सोगा गुंडाळून पिळलं. मी आतून जोर लावत होतो, पण चिंधी आट्यांत अशी रुतली होती की काय सांगू! हॉटेलवाल्या पोऱ्यानं पाण्याचे पेले आणून ठेवले, तर गोजाबाईनं ते पलीकडे सरकवले.

"पर्वतीला देवाम्होरं बसू, तवर सैल व्हईल," ती म्हणाली. मुरारीनं शेवंताला चार अंजिरं घेऊन दिली आणि आम्ही निघालो.

चैत्राचं ऊन होतं. पर्वती चढून देवदर्शन झालं. वरून सगळं पुणं दिसलं, आणि पायथ्याशी दुथडी भरून वाहणारा कालवाही दिसला. "केवढं पानी!" शेवंता एवढंच म्हणाली. वरही फिरकी हलली नाही. मुरारीनं ती दगडावर आपटली. माझ्या कडेला पोचा आला तो तेव्हाचा. उतरताना शेवंता बोलेनाशी झाली, आणि कालव्याच्या काठावर आल्यावर मटकन खालीच बसली. तिचे ओठ पांढरे पडले होते. मित्रांनो, माझ्या पोटात पाणी डचमळत होतं आणि पोर माझ्यासमोर तहानेनं कोमेजत होती. त्या दिवशी मला स्वतःच्या पितळेची लाज वाटली.

कालव्यावर एक बाई धुणं धूत होती. तिनं हे पाहिलं, हातातलं लुगडं टाकलं, आणि जवळच्या घरातून माठातल्या पाण्याचा तांब्या घेऊन पळत आली. "नळाचं हाय, घ्या, लवकर पाजा पोरीला!"

गोजाबाई मध्ये उभी राहिली. "नगं. ह्ये पानी नगं!"

भागूबाई आजवर सासूपुढे मान वर करून बोलली नव्हती. ती उठली. "आत्याबाई, बाजूला व्हा. माझी लेक हाय ती." आणि तिनं त्या बाईच्या हातातला तांब्या घेऊन शेवंताच्या ओठाला लावला. पोर घटाघटा प्याली. बाईनं तिच्या डोक्यावर पाणी थापलं, पदरानं वारा घातला. थोड्या वेळानं शेवंतानं डोळे उघडले आणि विचारलं, "आजे, बर्फाचा गोळा मिळंल का गं इथं?"

मुरारी हसला. भागूबाई रडली. गोजाबाई मात्र मला छातीशी धरून त्या अनोळखी बाईकडे वळली. मग ती बोलायला लागली.

"माझ्या मालोजीला बी वाटंत कुन्या बाईनंच पाजलं व्हतं. संगतीच्या गड्यानं सांगितलं मला. इतकी वर्सं मी तिला शिव्या दिल्या, बाई. रोज दिल्या. पर माझं लेकरू तहानलेलं व्हतं. ती बी तुझ्यावानीच धावत आली असंल न्हवं?"

त्या बाईला काय कळणार? तरी तिचे डोळे भरले. "व्हय, आज्जे," ती म्हणाली.

गोजाबाईनं मला खाली जमिनीवर ठेवलं, दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली आणि म्हणाली, "मला बी वाढ गं थोडं."

ती पाणी प्याली. तोंड पुसलं आणि मुरारीला म्हणाली, "पिंपरीला खोली बघ. दोन खिडक्यांची बघ, पोरीला वारा लागंल."

माझी फिरकी शेवटी तांबट आळीतच उघडली, गरम करून. आता मी शेवंताच्या घरी वरच्या फळीवर आहे. नळ आल्यावर मला कोण विचारतो? रुसत नाही मी. फक्त दिवाळीला तरी खाली काढून घासत जा, एवढंच शेवंताला सांगणं आहे. आणि मित्रांनो, घरातलं पाणी जपा, झाकण नीट लावा. पण तहानलेल्या पोराच्या हाताला उघडेल, एवढंच घट्ट लावा.