जवारी सतार

आमचे हे, म्हणजे हवालदार बुद्धभूषण, पलटणीतून कायमचे जतला परत आले आणि महिन्याभरात घरात सतार आली. ऑनलाइन मागवलेली. शिकवायला गुरुजीही मोबाइलमधलेच, फुकट. विहारात पेटी वाजवणारे नाथाजी म्हणाले, "सूर लावायला मी शिकवतो की." यांनी त्यांना लांबूनच हात जोडले. "समदं ज्ञान फुकट हाय आता," म्हणे. ज्ञान फुकट होतं, कान माझे जात होते.

वर आगाऊपणा असा, की बुद्ध पौर्णिमेच्या पत्रिकेत स्वतःच नाव घातलं : सतारवादन, हवालदार बुद्धभूषण. पौर्णिमा दहा दिवसांवर, आणि सतारीचा आवाज डबा बडवल्यासारखा. चार लोकांत यांचं हसं झालेलं मला बघवणार नव्हतं.

एके दिवशी मोबाइलमधले गुरुजी म्हणाले, "सितार में असली चीज़ तो जवारी है." हे ताडकन उठले. आमच्याकडे जवारी म्हणजे गावठी. कोंबडी जवारी, मिरची जवारी.

"माया, सापडलं! आपली सतार हायब्रीड हाय. म्हनून वाजत न्हाई."

खोटं कशाला बोलू, मलाही पटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही मिरजेला. दुकानातल्या म्हाताऱ्या कारागिरासमोर सतार ठेवून यांनी हुकूम सोडला, "ही घ्या, आन् जवारी द्या."

"हिची जवारीच बिघडलीया," म्हातारा म्हणाला. "लावून देतो."

त्यानं तारा सैल केल्या, त्यांच्याखालची हाडाची घोडी काढली आणि कानशीनं घासायला घेतली. घासायची, परत बसवायची, तार छेडून ऐकायची, पुन्हा घासायची. दोन तासांनी तार छेडली तर आवाज दुकानभर घुमत राहिला. "हिला म्हनत्यात जवारी," तो म्हणाला. "वाजवा आता."

यांनी पाठ केलेलं सगळं वाजवलं. सतार इतकी स्वच्छ बोलत होती की एकूण एक चूक ऐकू आली. आजवर बिचारी सगळं झाकून घेत होती. म्हाताऱ्यानं शेवटपर्यंत ऐकलं.

"सतार बरी झाली," तो म्हणाला. "आता तुमचं तुमी बघा."

एसटीत यांनी सतार मांडीवर आडवी धरली होती. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. कवठेमहांकाळ गेल्यावर म्हणाले, "पत्रिकेतनं नाव काढता येईल का गं?"

"वाटून झाल्यात पत्रिका," मी म्हणाले. "नाथाजींकडं जावा."

गेले. रोज त्यांच्यापुढे मांडी घालून बसले आणि शिकले एकच, सा. पौर्णिमेला नाथाजींच्या पेटीवर पोरी गात होत्या आणि मागे सतारीवर यांचा सा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकदाही न ढळलेला. मी पदर मुठीत धरून बसले होते. संपल्यावर पाहिलं, तर पदर चुरगळला होता आणि ओलाही झाला होता.

कुणीतरी त्याचा व्हिडिओ टाकला. खाली एकानं विचारलं, "सर, ऑनलाइन शिकवता का?"

यांनी दोन दिवस विचार केला आणि लिहिलं, "न्हाई. गावात पेटीवाला आसंल, त्याला इचारा."